पेटी येते, कीबोर्ड घेतलाय… आता पुढे काय?

आपल्याकडे हौसेने कीबोर्ड घेणारे बरेच जण पेटीवरून आलेले असतात. कुणी भजनी मंडळात साथ करतं, कुणी शाळेत असताना गुरुजींकडे अलंकार घोटलेले असतात, कुणी नुसत्या कानाने गाणी बसवतं. उजवा हात चालतो, सरगम तोंडपाठ असते. मग कीबोर्ड घरी येतो. पाच-सातशे आवाज, दोनेकशे ताल, पन्नासभर बटणं. पहिला आठवडा सगळं दाबून बघण्यात जातो आणि नंतर तो एकाच आवाजावर पेटीसारखा वाजत राहतो, नाहीतर कव्हरखाली जातो.

यात वाजवणाऱ्याची चूक नसते. कोणतं बटण आधी आणि कोणतं नंतर, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. माहितीपुस्तिकेत सगळ्या सोयी सारख्याच महत्त्वाच्या असल्यासारख्या ओळीने दिलेल्या असतात. माझ्या मते क्रम असा हवा: आधी सूर, मग आवाज, मग डावा हात, मग ताल आणि सगळ्यात शेवटी मेमरी. यातला डावा हात सोडला तर बाकी सगळं दोन-चार संध्याकाळींत समजतं. डाव्या हाताला महिने लागतात, कारण पेटीवर त्याने आयुष्यभर भाता ओढलेला असतो. म्हणून त्याबद्दल इथे सर्वांत जास्त लिहिलं आहे.

हे सगळं ६१ पट्ट्यांच्या घरगुती कीबोर्डासाठी आहे, म्हणजे यामाहाची पीएसआर मालिका, कॅसिओच्या सीटीके किंवा सीटी-एक्स मालिका आणि त्यांच्या जातीची इतर मॉडेलं. बटणांची नावं कंपनीगणिक बदलतात. यामाहा जिथे ‘व्हॉइस’ आणि ‘स्टाइल’ म्हणते, तिथे कॅसिओ ‘टोन’ आणि ‘ऱ्हिदम’ म्हणते. काम तेच.

वाजवण्याआधी: अडॅप्टर आणि बैठक

कीबोर्ड जुना घेतला असेल किंवा मूळ अडॅप्टर हरवला असेल, तर दुकानात ‘कीबोर्डचा अडॅप्टर द्या’ एवढंच म्हणून चालत नाही. तीन गोष्टी जुळवा. व्होल्टेज अगदी तेवढंच हवं, मिलिअँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, आणि पिनेचं धन-ऋण जुळायला हवं. यामाहाच्या घरगुती मॉडेलांना साधारणपणे १२ व्होल्ट आणि मधली पिन धन लागते. कॅसिओच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांना ९ व्होल्ट लागतात आणि मधली पिन ऋण असते. प्लग मात्र दोन्हींचे दिसायला सारखेच. कीबोर्डाच्या मागे सॉकेटशेजारी वर्तुळाची एक छोटी आकृती छापलेली असते, तिचा मोबाइलवर फोटो काढून दुकानात न्या.

सस्टेन पेडल (पायाने दाबलं की स्वर लांबवणारं) असेल तर कीबोर्ड चालू करताना त्यावर पाय ठेवू नका. चालू होताना पेडल ज्या स्थितीत असतं तिला बरीच मॉडेलं ‘सोडलेलं’ समजतात. मग सगळं उलटं होतं, पाय उचलला की आवाज लांबतो आणि दाबला की तुटतो. पेडल बिघडलं म्हणून लोक ते बदलूनही आणतात. बंद करून, पाय बाजूला ठेवून पुन्हा चालू केलं की झालं.

कीबोर्ड मधेच आपोआप बंद पडत असेल तर तोही बहुधा बिघाड नसतो. अर्धा तास कुठलीच पट्टी दाबली नाही की वीज वाचवायला तो स्वतःहून बंद होतो. मेनूत ‘ऑटो पॉवर ऑफ’ शोधून ते बंद करता येतं. कार्यक्रमात वाजवणार असाल तर ते आधीच करून ठेवा, निवेदन लांबलं की पंचाईत होते.

बैठकीचं म्हणाल तर पेटीवाल्यांना मांडी घालून, चौरंगावर कीबोर्ड ठेवून वाजवायची सवय असते. थोडा वेळ ठीक आहे, पण रोजच्या सरावाला खुर्ची आणि स्टँडच घ्या. मांडी घातली की दोन्ही हात पुढे ताणून वाजवावं लागतं, मनगटं वाकतात आणि पेडल वापरताच येत नाही. कोपर पट्ट्यांच्या किंचित वर राहील एवढी उंची ठेवा.

तुमचा सा कुठे आहे?

६१ पट्ट्यांत ३६ पांढऱ्या आणि २५ काळ्या, म्हणजे पूर्ण पाच सप्तकं आणि वरचा एक सा. काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या गटांत असतात. दोनच्या गटाला लागून डावीकडे जी पांढरी, ती पांढरी एक. डावीकडून तिसरी पांढरी एक म्हणजे कीबोर्डाचा मधला सा. यामाहाच्या पुस्तिकेत तिला सी-३ म्हणतात, कॅसिओच्या पुस्तिकेत सी-४. पट्टी एकच, त्यामुळे दोन पुस्तिका शेजारी ठेवून गोंधळू नका.

आता ट्रान्सपोज. पेटीवाल्यासाठी अख्ख्या यंत्रातलं सगळ्यात मोलाचं बटण हेच. बोटं पांढरी एकवर ठेवायची आणि सूर मात्र गायकाच्या पट्टीचा काढायचा, हे काम ते करतं. स्केल चेंजर पेटीत पट्ट्यांचा साचा सरकतो, इथे फक्त आकडा बदलतो. एक आकडा म्हणजे अर्धा स्वर. +१ केलं की काळी एक, +२ म्हणजे पांढरी दोन, +३ म्हणजे काळी दोन, +५ म्हणजे पांढरी चार. पुरुष गायकांचा सा बहुतेक वेळा एवढ्यातच असतो.

बायकांचा सा सहसा काळी चार किंवा काळी पाचला असतो. काळी चारसाठी +८ पण चालेल आणि −४ पण. −४ घ्या. +८ ने सगळं वर चढतं, आवाज चिरका होतो आणि मधल्या सप्तकात वाजवलेलं गायिकेच्या आवाजाच्याही वर जाऊन बसतं. −४ ने मधला सा थेट तिच्या सा वर येतो. याच हिशेबाने पांढरी सहा −३ आणि काळी पाच −२.

ट्रान्सपोज वापरणं म्हणजे फसवणूक, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. साथ करणाऱ्याचं पहिलं काम गायकाला सुखाने गाऊ देणं हे आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक म्हणजे गिटारवाल्याबरोबर वाजवताना तो खरी पट्टी सांगतो, तुमची बोटं मात्र पांढरी एकवरच असतात. ट्रान्सपोज +१ असताना त्याने ‘सी-शार्प मेजर’ (काळी एकवरचा कॉर्ड, कॉर्डांबद्दल पुढे येईल) म्हटलं, तर तुम्ही दाबायचं सी मेजर, म्हणजे पांढरी एकवरचा. वाजवण्याआधी हे एकमेकांना सांगून ठेवा. दुसरं, काही मॉडेलं बंद करून पुन्हा चालू केली की ट्रान्सपोज शून्यावर येतं, काहींत तसंच राहतं. गायक सूर धरायच्या आधी स्क्रीनवरचा आकडा बघायची सवय लावून घ्या.

कीबोर्ड आणि खरी पेटी एकत्र वाजवायची असेल तर ट्रान्सपोज पुरत नाही. कारखान्यातून कीबोर्ड ४४० हर्ट्झवर लावून येतो. पेटी जुनी असली, किंवा सूरवाल्याने आपल्या कानाने लावलेली असली, तर ती थोडी चढी किंवा उतरी निघते. अशा वेळी मेनूतलं ‘ट्यूनिंग’ उघडा. पेटीवाल्याला एक स्वर भाता न तोडता धरून ठेवायला सांगा. कीबोर्डवर ऑर्गनसारखा सरळ, न थरथरणारा आवाज निवडा आणि तोच स्वर दाबून ठेवा. दोन्ही सूर जुळलेले नसतील तर आवाजात ‘वाँव-वाँव’ अशी लाट ऐकू येते. आकडा एकेक पायरी हलवा. लाट जलद झाली तर उलट दिशेने जाताय, संथ झाली तर बरोबर. ती अगदी लांबत लांबत नाहीशी झाली की थांबा. हे एकदा कानाने केलं की बेसूर म्हणजे नेमकं काय ते पुन्हा कुणी समजावून द्यावं लागत नाही.

सातशे आवाजांतले तीन

पहिल्या महिन्यात तीन आवाज पक्के करा: एक पियानो, एक स्ट्रिंग्ज, एक हार्मोनियम किंवा बासरी. भारतासाठी काढलेल्या मॉडेलांत हार्मोनियम, सतार, शहनाई, तबला हे आवाज वेगळे दिलेले असतात. यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेत आणि कॅसिओच्या नावाला ‘आयएन’ लावलेल्या मॉडेलांत ते मिळतील. परदेशात राहणाऱ्यांकडे तिथलं मॉडेल असतं आणि त्यात हार्मोनियम सापडत नाही. त्यांनी आवाजांच्या यादीत ‘जनरल मिडी’ किंवा ‘जीएम’ हा भाग शोधावा. १९९१ मध्ये ठरलेली ही १२८ आवाजांची यादी आहे आणि तिचा क्रम सगळीकडे सारखा असतो. त्यातला २१ वा ‘रीड ऑर्गन’ पेटीच्या सर्वांत जवळचा. सतार १०५ वी आणि शहनाई ११२ वी.

आवाज निवडण्यापेक्षा त्याचा स्वभाव ओळखणं महत्त्वाचं. काही आवाज पट्टी दाबून आहे तोवर टिकतात: पेटी, ऑर्गन, बासरी, व्हायोलिन. काही दाबल्याबरोबर विरायला लागतात: पियानो, गिटार, सतार, संतूर. पेटीवाला पियानोवर बसला की लांब स्वर धरून ठेवतो आणि आवाज मधेच संपल्यावर ओशाळतो. पियानोवर लांब स्वराच्या जागी काहीतरी वाजवत राहावं लागतं, आणि ते काम पुढे डावा हात करतो.

दुसरा मोठा फरक बोटांच्या जोराचा. पेटीत जोर भात्यातून येतो, त्यामुळे सगळे स्वर एकदमच मोठे किंवा लहान होतात. कीबोर्डवर प्रत्येक बोट आपापला जोर ठरवतं. प्रत्येक पट्टीखाली सहसा दोन संपर्क असतात आणि पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत किती वेळ गेला त्यावरून यंत्र आवाज किती मोठा ते ठरवतं. म्हणजे मोजला जातो तो पट्टी खाली जाण्याचा वेग. आवाज निघाल्यावर पट्टी कितीही दाबून धरली तरी काही बदलत नाही.

सराव असा करा. पियानोचा आवाज घ्या आणि एकच सा सलग आठ वेळा वाजवा, पहिला ऐकू येईल न येईल इतका हळू, आठवा पूर्ण जोरात, मधले चढत्या क्रमाने. मग उलट. मग हेच अनामिकेने आणि करंगळीने. पेटीवर ही दोन बोटं जोराचं काम कधीच करत नाहीत, त्यामुळे इथे ती ठळक उघडी पडतात. ‘टच’ची सेटिंग मधल्या पायरीवर ठेवा. पेटीचा किंवा ऑर्गनचा आवाज वाजवताना टच बंद केला तरी चालेल.

दोन आवाज एकत्र वाजवणारं ‘ड्युअल’ किंवा ‘लेअर’चं बटण शिकताना बंदच ठेवा. पियानोवर स्ट्रिंग्ज चढवले की सगळंच गोड लागतं आणि चुका झाकल्या जातात.

डाव्या टोकाला पिच बेंडचं चाक असेल तर त्याकडे मात्र लवकर वळा. पेटीतून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर जी बंदी घातली आणि जी १९७१ मध्ये सैल झाली, तिच्यामागच्या आक्षेपांत हाही एक होता. कीबोर्डवर बासरी किंवा सारंगीच्या आवाजात चाकाने मींड काढता येते. बेंडची व्याप्ती सहसा दोन अर्ध्या स्वरांची, म्हणजे सा ते रे एवढी असते. सा दाबा, चाक हळूहळू पूर्ण वर न्या आणि जिथे पोचलात तो रे शेजारच्या पट्टीवर तपासा. मग ग वरून रे वर उतरताना ग ची पट्टी न सोडता चाक खाली आणा. आठवडाभर एवढंच केलं तरी बासरी माणसाने वाजवल्यासारखी वाटू लागते.

डावा हात

इथे घाई करू नका.

कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन स्वर, मधला एक-एक स्वर गाळून घेतलेले. सा घेतला, रे सोडला, ग घेतला, म सोडला, प घेतला: सा-ग-प, म्हणजे सी मेजर. याच रीतीने म-ध-सा म्हणजे एफ मेजर, प-नि-रे म्हणजे जी मेजर. ध-सा-ग म्हणजे ए मायनर, रे-म-ध म्हणजे डी मायनर, ग-प-नि म्हणजे ई मायनर. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. एवढ्या सहांवर शुद्ध स्वरांची बहुतेक सोपी गाणी बसतात.

हे कॉर्ड वर दिलेल्या क्रमानेच दाबले तर हात पट्ट्यांवर उड्या मारत फिरतो. पहिल्या महिन्यात लोक कंटाळतात ते इथे. म्हणून स्वर तेच ठेवून त्यांची मांडणी बदला. डावा हात डावीकडून पहिल्या सप्तकातल्या प पासून दुसऱ्या सप्तकातल्या म पर्यंतच ठेवायचा, त्याबाहेर न्यायचाच नाही. आता सी मेजर होतो प-सा-ग, एफ मेजर ध-सा-म, जी मेजर प-नि-रे, ए मायनर ध-सा-ग, डी मायनर ध-रे-म, ई मायनर प-नि-ग. वाजवून बघा. खालची करंगळी फक्त प आणि ध एवढ्यातच हलते. सी मेजरवरून ए मायनरवर जायला एकच बोट एक पट्टी सरकतं, सी मेजरवरून ई मायनरवर जायलाही तसंच.

आता एक छोटी ओळ घेऊ, भूप रागाच्या स्वरांत, आठ मात्रांची चार आवर्तनं. उजव्या हाताने मधल्या सप्तकात असं वाजवा:

सा – सा रे ग – ग –
ग – प – ध – ध –
प – प ग रे – रे –
ग – रे – सा – – –

पहिल्या आवर्तनात सा आणि ग वर मुक्काम आहे, तिथे सी मेजर. दुसऱ्यात ध वर थांबतो, तिथे ए मायनर. चौथ्यात सा, पुन्हा सी मेजर. तिसऱ्यात रे वर थांबतो, तिथे नियमाने जी मेजर यायला हवा. पण जी मेजरमध्ये नि आहे आणि भूपात नि नाही. वाजवून बघा, भूपाचा रंग तिथे जरासा उतरतो. म्हणून नि गाळा आणि प-रे हे दोनच स्वर दाबा. कॉर्ड रिकामा वाटेल, पण ओळ सुरेख राहील. सी मेजर आणि ए मायनर यांचे सगळे स्वर भूपातलेच असल्यामुळे ते बेधडक वापरता येतात. भावगीतात किंवा सिनेमातल्या गाण्यात संगीतकार नि सकट कॉर्ड खुशाल वापरतात आणि ते शोभतंही. राग म्हणून वाजवताना मात्र हा हिशेब ठेवावा.

हात जुळवताना क्रम मोडू नका. आधी डाव्या हाताने प्रत्येक समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) एकच स्वर द्या: सा, ध, प, सा. तो न बघता जमला की उजव्या हाताची ओळ त्यावर ठेवा. मग एका स्वराच्या जागी पूर्ण कॉर्ड. मेट्रोनोम ५० वर ठेवा आणि सुरुवातीला प्रत्येक टोल्याला एकच मात्रा. इतक्या संथ लयीत लाज वाटते, पण हात जुळतात ते याच लयीत. समेवर दोन्ही हात एकदम पडायला हवेत. डावा हात केसभर मागून येत असेल तर उजवा हात थांबवून पुन्हा नुसता डावा वाजवा.

गाण्याला स्वतः कॉर्ड शोधायचे असतील तर समेवरचा स्वर पकडा आणि तो ज्या कॉर्डांत आहे ते तीन लावून बघा. समेवर ग आला तर सी मेजर, ए मायनर आणि ई मायनर हे तीन उमेदवार. कान लगेच निवड करतो. यमन, मारवा, तोडी अशा रागांना ओढूनताणून कॉर्ड लावू नका. तिथे डावा हात सा-प धरून बसू दे (मारव्यात प नाही, तिथे नुसता सा), किंवा कीबोर्डात तानपुरा असेल तर तो लावा. यामाहाच्या पीएसआर-आय५०० मध्ये तर तानपुरा-तबल्यासह ‘रियाज’ नावाची सोयच दिलेली आहे.

ताल आणि ऑटो अकंपनिमेंट

तालाचं बटण दाबून ‘स्टार्ट’ केलं की आधी नुसता ताल वाजतो. ‘एसीएमपी’ किंवा ‘अकंप’ चालू केलं की कीबोर्डाचे दोन भाग होतात. डावीकडचा भाग कॉर्ड ओळखतो आणि त्यानुसार बास, गिटार वगैरे यंत्र स्वतः वाजवतं. दोन भागांची सीमा मुळात दुसऱ्या सप्तकातल्या काळी तीनला असते. वर सांगितलेली डाव्या हाताची जागा तिच्या आतच येते, ती मांडणी निवडायचं हेही एक कारण.

आता एक सेटिंग नीट बघा, कारण इथे खूप जण अडकतात. कॉर्ड ओळखायच्या पद्धती दोन: पूर्ण तीन स्वरांची ‘फिंगर्ड’ आणि एका-दोन बोटांची सोपी. कॅसिओच्या सोप्या पद्धतीत, जिला ‘कॅसिओ कॉर्ड’ म्हणतात, एक पट्टी म्हणजे मेजर, तिच्या उजवीकडची आणखी एक दाबली की मायनर, आणखी दोन दाबल्या की सेव्हन्थ (कोमल नि मिसळलेला चार स्वरांचा कॉर्ड). म्हणजे ही पद्धत चालू असताना तुम्ही इमानदारीत सा-ग-प दाबलंत की यंत्राला सी सेव्हन्थ ऐकू येतो आणि गाणं भलतंच लागतं. कॅसिओवर पूर्ण कॉर्ड वाजवणार असाल तर आधी ‘फिंगर्ड’ निवडा. यामाहाची ‘मल्टी फिंगर’ दोन्ही समजून घेते. तिच्या सोप्या रीतीत मूळ स्वरासोबत डावीकडची जवळची काळी दाबली की मायनर आणि जवळची पांढरी दाबली की सेव्हन्थ. माझा आग्रह पूर्ण कॉर्डांचाच आहे, एका बोटाची सवय लागली की ती सुटत नाही.

केरवा, दादरा, भजनी हे ताल भारतीय मॉडेलांत तयार मिळतात. दुसऱ्या मॉडेलांवर केरव्यासाठी साधा ‘८ बीट’ घ्या, त्याच्या एका बारमध्ये आठ मात्रा बरोबर बसतात. दादऱ्यासाठी ६/८ चा कुठलाही ताल, किंवा वॉल्ट्झचे दोन बार मिळून एक आवर्तन. टेम्पोचा आकडा मात्र फसवतो. ८ बीटमध्ये आकडा ८० असेल तर मिनिटाला ८० टोले पडतात आणि एका टोल्यात दोन मात्रा येतात, म्हणजे मात्रा १६०. ‘मी तर ८० वर ठेवलंय, एवढं पळतंय का?’ याचं उत्तर हे.

‘सिंक स्टार्ट’ दाबून ठेवलं की डाव्या हाताने पहिला कॉर्ड वाजवताच ताल सुरू होतो, स्टार्टला हात न्यावा लागत नाही. ध्रुवपद आणि अंतऱ्यासाठी मेन-ए आणि मेन-बी, मधल्या जागेला फिल-इन. फिलचं बटण आवर्तनाच्या शेवटच्या दोन मात्रांत दाबलं तर छोटा उठाव मिळतो, समेवर दाबलं तर अख्खा बार खातो. इंट्रो बेताने वापरा. तो बहुधा मेजरमध्ये बांधलेला असतो आणि कोमल स्वरांच्या गाण्याआधी वाजला की गायकाचा कान बिघडतो. दोन आवर्तनं नुसता ताल देऊन सुरुवात करणं केव्हाही चांगलं.

गाणं बसलं की त्याचा आवाज, ताल, टेम्पो आणि ट्रान्सपोज ‘रजिस्ट्रेशन’मध्ये साठवा. ‘मेमरी’ दाबून धरून क्रमांकाचं बटण दाबलं की झालं. त्या क्रमांकावर आधी काही असेल तर ते पुसलं जातं, म्हणून कोणत्या क्रमांकावर काय आहे ते वहीत लिहून ठेवा. आणि सगळंच बिनसलं म्हणून कीबोर्ड मूळ स्थितीत आणणार असाल, तर ही साठवण त्याबरोबर जाते. यामाहाच्या बऱ्याच मॉडेलांत उजवीकडची शेवटची पांढरी पट्टी दाबून धरून चालू केलं की सगळं पुसलं जातं, तेव्हा लहान मुलांच्या हाती कीबोर्ड देताना ध्यानात असू दे.

मंडपात वाजवताना

घरात छान वाजणारा कीबोर्ड गणपतीच्या मंडपात पोकळ, दुरून आल्यासारखा ऐकू येतो, अशी तक्रार नेहमीची आहे. कारण बहुतेक वेळा वायरमध्ये असतं. कीबोर्डाच्या हेडफोन जॅकमधून डावा आणि उजवा असे दोन आवाज निघतात. ती स्टीरिओ पिनेची वायर मिक्सरच्या एकाच माइक किंवा लाइन इनपुटमध्ये घातली, की मिक्सर एका बाजूतून दुसरी वजा करतो. दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं नाहीसं होतं आणि फक्त घुमाऱ्याचा भाग उरतो. साउंडवाला मग आवाज वाढवत राहतो. त्यापेक्षा एका टोकाला स्टीरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली वायर स्वतःची स्वतःजवळ ठेवा आणि दोन चॅनेल मागा. एकच चॅनेल मिळत असेल तर फक्त डावी पिन द्या. स्टेजपासून मिक्सर लांब असेल तर डीआय बॉक्स (लांब वायरीतून आवाज स्वच्छ नेणारी छोटी डबी) मागा, नाहीतर घरघर येते.

कीबोर्डाचा आवाज दोन तृतीयांशावर ठेवा आणि बाकीचं मिक्सरवर सोडा. वायर लावताना-काढताना चॅनेल बंद असायला हवा. आधी कीबोर्ड चालू, मग अँप्लिफायर. बंद करताना उलट. हेडफोन जॅकमध्ये पिन घातली की कीबोर्डाचे स्वतःचे स्पीकर बंद होतात, म्हणून स्वतःला ऐकू येण्यासाठी मॉनिटर लागेल. तो नसेल तर डाव्या हाताचे कॉर्ड अंदाजाने पडतात.

पावसाळा आणि धूळ

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जून ते सप्टेंबर कीबोर्डाला जपा. पट्ट्यांखालच्या रबरी संपर्कांवर ओल आणि धूळ बसते. त्याची खूण ओळखता यायला हवी: एखादी पट्टी हळू दाबली तरी पूर्ण जोरात वाजते, किंवा कधी वाजते कधी नाही. टच बंद करून तीच पट्टी वाजवून बघा. टच बंद असताना ती नीट वाजत असेल तर दोष त्या संपर्कातच आहे, आतल्या मोठ्या बोर्डात नाही, आणि नुसत्या सफाईने काम भागतं. दुरुस्तीला देताना हे सांगितलंत तर बोर्ड बदलायचा खर्च गळ्यात पडत नाही.

सुती कापडाचं कव्हर वापरा. प्लॅस्टिकच्या कव्हरखाली दमट हवा अडकून राहते. पावसाळ्यात कव्हराच्या आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि आठवड्यातून दोनदा तरी कीबोर्ड तासभर चालू करून पाचही सप्तकांतल्या सगळ्या पट्ट्या वाजवा. मधलीच दोन सप्तकं वापरली जातात आणि टोकाच्या पट्ट्या आधी जातात. पट्ट्या किंचित ओलसर, घट्ट पिळलेल्या कापडाने पुसा, थिनर किंवा स्पिरिट लावू नका. आत बॅटरीचे सेल असतील आणि महिनाभर कीबोर्ड बंद राहणार असेल, तर सेल काढून ठेवा. फुटलेल्या सेलचा खार पत्र्यांना लागला की तो साफ करताना स्प्रिंगा तुटतात.